रहिमोचे नर

“शुक्रवारच्या नमाजाआधी सगळे नर उपटून टाका, वहिनी. नाहीतर मी येऊन कापतो,” हद्दू म्हणाला आणि हातातला विळा त्याने बांधाच्या दगडावर घासला, अगदी सहज, मनात काही नसल्यासारखा.

रहिमो खुरपत होती. ती वाकलेलीच राहिली.

“तुझ्या भावाच्या हयातीत या शेतातला नर कुणी उपटला नाही,” ती मातीकडे बघत म्हणाली.

“भावाच्या हयातीत झऱ्याला पाणी होतं. तेव्हाचं तेव्हा गेलं. मी खेचर विकून बी आणलंय. माझ्या फुलोऱ्यात दाणे निघाले तर व्यापारी तो माझ्या तोंडावर फेकेल. मग काय, पोरांना घेऊन तुमच्या दारात येऊन बसू?”

“बस की. बिसाऱ्याच्या कढणात आणखी पाणी वाढवीन.”

हद्दूला हसू आलं नाही. एरवी आलं असतं. रहिमोच्या तिरकस बोलण्याला खळखळून हसणारा सासरचा तो एकटाच माणूस होता. आज तो फक्त म्हणाला, “शुक्रवार. लक्षात ठेवा,” आणि दगडी पायऱ्या उतरून आपल्या शेतात गेला.

हद्दू तिच्या नवऱ्याचा, मेझियानचा, धाकटा भाऊ. डोंगराच्या उतारावर वरचे वाफे रहिमोचे, खालचे हद्दूचे, आणि सगळ्यांच्या डोक्यावर रहिमोचं घर. मेझियान वारला तेव्हा खांद्यावर जनाजा घेऊन पुढे हद्दूच होता, आणि त्यानंतर कितीतरी हिवाळे त्याने न सांगता तिच्या दाराशी ओकची लाकडं आणून टाकली होती.

त्या दऱ्याखोऱ्यांत कीफशिवाय, म्हणजे गांजाशिवाय, दुसरं पीक कुणी फारसं केलं नाही. कीफमध्ये नर झाड वेगळं, मादी वेगळी. नराचे पराग वाऱ्यावर उडाले की मादीच्या फुलोऱ्यात दाणे भरतात. पूर्वी त्याचं कुणाला काही वाटत नसे. गावठी वाण, नर-माद्या एकत्र, सुकवून चाळणीवर झोडपायचं, दाणे बाजूला, राळेची भुकटी बाजूला. मग बाहेरची मोठाल्या फुलोऱ्याची वाणं आली आणि व्यापाऱ्यांच्या जिभेला बिनबियांच्या मालाची चटक लागली. ती वाणं पाणी मागत आणि उन्हाळा सरताना फुलत. तोवर रहिमोच्या शेतातले नर केव्हाच वाळून गेलेले असत, म्हणून दीर-भावजयीत कधी वाजलं नव्हतं. यंदा हद्दूने तितवानच्या एका दलालाकडून नवंच बी आणलं. दलालाने छातीठोक सांगितलं होतं की यातून एकजात माद्याच निघतात आणि त्या गावठीसारख्याच झटपट फुलतात. त्यात खोट काढायला जागाच नव्हती, एवढं सोडून की आता दोघांची शेतं एकाच वेळी फुलायला आली होती.

आणि नेमक्या याच वर्षी रहिमोला तिचा नर सापडला होता.

मेझियान गेल्यावर झरा दरवर्षी थोडा आधी आटू लागला. पीक पक्कं होण्याआधीच पाणी संपायचं आणि फुलोरा पोचट राहायचा. रहिमोच्या लक्षात आलं की सगळ्या शेतात चार-दोन झाडं अशी असतात की त्यांना कसली तरी घाई असते. बाकीची अजून पानंच काढत असताना ती फुलतात. तिने आपल्या कमरेच्या लाल पट्ट्यांच्या फडक्याचे दोरे काढून त्या झाडांना बांधायला सुरुवात केली आणि त्यांचंच बी ठेवलं. पण लवकर फुलणारी झाडं काटकुळी निघत. मग तिने माहेरून थोराड, आळशी वाणाचं बी आणून त्यांच्यात मिसळलं, तर लेकरं थोराड झाली पण आळशीही झाली. पुन्हा निवड, पुन्हा मिसळ. बायका पाणवठ्यावर म्हणत, “रहिमोची सोयरीक जुळली का गं यंदा?” आणि तीही म्हणे, “मुलगा बघतेय. चांगल्या घरचा मिळत नाही.”

यंदा मिळाला. मनगटाएवढं खोड, आणि सगळ्या शेताआधी कळ्या धरलेला. त्याच्या जोडीला त्याच वाफ्यातल्या पाच-सहा माद्या, तशाच घाईच्या, तशाच भरदार. पण कळ्या अजून मिटलेल्या होत्या. आता उपटला तर सगळं मुसळ केरात. मागचं उरलेलं बी हिवाळ्यात उंदरांनी फस्त केलं होतं. जे होतं ते या एका वाफ्यात उभं होतं.

तक्रार करायची तर कुणाकडे? जेंडार्म पोलिसांच्या चौकीत जाऊन काय सांगणार, माझ्या गांजाच्या नराला दीर मारायला निघालाय म्हणून? लागवडीचा परवाना काढलेली माणसं दरीत होती, पण या वाडीत अजून कुणाचाच कागद आलेला नव्हता.

संध्याकाळी तिने सुनेला सगळं सांगितलं. नुझा शहरातून आलेली, तोंडाने फटकळ. नवरा स्पेनमध्ये स्ट्रॉबेरी तोडायला गेलेला, मांडीवर चार महिन्यांची तस्नीम.

“मग नरांना घरात घ्या,” नुझा म्हणाली. ती थट्टेनेच म्हणाली होती. “घरात तसाही पुरुष नाही.”

रहिमोने उठून मागच्या खोलीची खिडकी लावून बघितली.

दुसऱ्या दिवशी तिने शेतातले इतर सगळे नर उपटले आणि मुद्दाम हद्दूच्या बांधावर दिसतील असे टाकले. दुपारी, सगळी वाडी सावलीला आडवी झाल्यावर, तिने तो थोराड नर आणि त्याच्यासारखे आणखी तीन बुंध्यापासून कापले, ओकच्या पाल्यात गुंडाळले आणि शेळ्यांच्या चाऱ्याचा भारा करून पाठीवर घेतला. पायऱ्या चढताना हद्दूचा थोरला फरीद समोर आला.

“काकू, द्या, मी घेतो.”

“राहू दे. माझा भारा माझ्या पाठीला सवयीचा आहे.”

“फार जड दिसतोय.”

“हलका असता तर तुला दिला असता,” ती म्हणाली आणि थांबली नाही. वळणापलीकडे गेल्यावर मात्र भिंतीला टेकून तिने श्वास घेतला.

मागच्या खोलीत बादल्यांत पाणी भरून तिने नर उभे केले. खिडकी लावली, फटीत ओल्या चिंध्या कोंबल्या, दाराला पडदा बांधला. शेतात जाऊन निवडलेल्या माद्यांच्या फांद्यांवर मलमलीच्या पिशव्या चढवून तोंडं घट्ट बांधली. पराग पडू लागले की ते तांब्याच्या थाळीत झटकायचे आणि कोंबडीच्या पिसाने एकेका पिशवीत जाऊन फुलांना लावायचे. असं तिने आधी कधी केलं नव्हतं. एवढी वर्षं हे काम वारा करत आला होता.

“लल्ला,” नुझा दारात उभी राहून म्हणाली; सासूला ती याच मानाने हाक मारी. “सासऱ्यांच्या आजारपणात तरी एवढी उठबस केली होतीत का?”

“ते फुलत नव्हते,” रहिमो म्हणाली.

शुक्रवारी हद्दू आला. बरोबर दोन्ही मुलगे, तिघांच्या हातात विळे. रहिमो उंबऱ्यावर बसून पीठ मळत होती. आत नर फुटले होते. सकाळपासून खोलीत पिवळा धुरळा तरंगत होता.

“काम झालंय तुमचं,” ती म्हणाली. “बांधावर बघितलंस ना ढीग?”

“बघितला. वरच्या वाफ्यात बुंधे कापलेले आहेत, वहिनी. उपटलेले नाहीत, कापलेले. ते ढिगात नाहीत.”

“शेळ्यांनी खाल्ले.”

“शेळ्यांनी?” हद्दू नाकाने वास घेत दोन पावलं पुढे आला. कीफच्या नराचा वास कुणापासून लपत नाही. “शेळ्या घरात बांधता की काय आता?”

रहिमो उठली. पिठाने भरलेले हात तसेच चौकटीच्या दोन्ही बाजूंना टेकवून उभी राहिली. तो एक पाऊल अजून पुढे आला असता तर त्याला तिला हाताने बाजूला करावं लागलं असतं, आणि हे दोघांनाही कळत होतं. फरीद मागे चुळबुळला. आत शिरून हे तिघे ती झाडं ओढत बाहेर काढणार, अंगणातून, भर वाऱ्यात. मग तिचंही गेलं आणि त्यांचंही.

“हो बाजूला,” हद्दू म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो तिला एकेरीत बोलला होता. “तू बाजूला सर.”

तेवढ्यात आतून नुझाचा आवाज आला, अख्ख्या वाडीला ऐकू जाईल असा. “लल्ला! कुणाला आत सोडू नका हं! मी न्हातेय, अंगावर चिंधी नाही!”

हद्दू विस्तवावर पाय पडल्यासारखा मागे झाला. दोन्ही मुलांनी तोंडं फिरवली. फरीदचे कान लाल झाले.

“फुलांत एक दाणा,” हद्दू अंगणाच्या टोकाला जाऊन म्हणाला, “एक दाणा निघू दे, मग बघ.”

ते गेल्यावर रहिमो आत गेली. नुझा पूर्ण कपड्यांत, डोक्याला रुमाल बांधून, मुलीला खांद्यावर थोपटत उभी होती. दोघी एकमेकींकडे बघून हसू लागल्या आणि मग रहिमोचं हसू जागच्या जागी थिजलं. मागच्या खोलीची खिडकी उघडी होती.

“धुरळ्याने तस्नीमला श्वास घेता येईना,” नुझा म्हणाली. “छाती नुसती घरघरत होती. मी सकाळीच उघडली. थोडा वेळच म्हणून.”

बाहेर शर्गी वाहत होता, तो कोरडा, गरम पूर्वेचा वारा. घरावरून थेट खाली, हद्दूच्या वाफ्यांकडे.

रहिमोने खिडकी लावली. लेकराच्या छातीपेक्षा झाड मोठं, असं थोडंच म्हणणार होती? त्या दिवशी तिने मिळतील तेवढे पराग थाळीत झटकून घेतले आणि नर चुलीत जाळले. पुढे दोन दिवस पहाटे वारा पडलेला असताना ती पीस घेऊन पिशव्यांत हात घालत राहिली. मनात मात्र एकच चालू होतं, किती वेळ उघडी होती ती?

त्यानंतर ती रोज घरासमोरून हद्दूच्या फुलोऱ्याकडे बघे. लांबून झकास दिसत होता. झरा बारीक होत चालला होता. पाटाच्या पाळ्या ठरवणारा म्हातारा सी अल्लाल दर आठवड्याला पाळी आखूड करत होता, आणि हद्दूच्या अगदी खालच्या वाफ्यात पाणी पोहोचेनासं झालं होतं.

मग एका सकाळी खालून आरडाओरडा ऐकू आला. हद्दूने फुलोरा हातात चुरडला होता आणि तळहातावर हिरवे दाणे निघाले होते.

तो वर आला नाही. तो सरळ झऱ्यावर गेला. सी अल्लालच्या देखत त्याने रहिमोच्या पाटाच्या तोंडात दगड आणि चिखल भरला आणि सगळं पाणी आपल्या नळीत वळवलं. अल्लाल म्हणाला, “हद्दू, आज तिची पाळी आहे.” हद्दू म्हणाला, “तिने माझं वर्ष खाल्लंय. तिची पाळी आता कधीच नाही. कुणी दगड हलवला तर त्याचा हात मोडीन.” अल्लाल ऐंशीच्या घरातला. तो काठी टेकत रहिमोकडे आला, निरोप सांगितला आणि चहाही न घेता गेला.

पिशव्यांमधले दाणे भरत आले होते. आणखी एक-दोन पाणी मिळालं असतं तर पक्के झाले असते. दुसऱ्या दिवसापासून माद्यांची पानं कडेने वळू लागली. नुझाने घरातल्या पिण्याच्या पाण्याची कळशी नेऊन बुंध्यांना ओतली. माती ते कुठल्या कुठे पिऊन गेली.

“मी जाऊन सांगते त्यांना,” नुझा म्हणाली. “खिडकी मी उघडली म्हणून.”

“तू घरातून हलायचं नाहीस,” रहिमो म्हणाली.

दुपारी ती एकटी निघाली. तिला भांडायचं नव्हतं, बघायचं होतं. पराग तिच्या खिडकीतून गेले असतील तर हद्दूचा सगळ्यात वरचा वाफा, घराच्या अगदी खालचा, दाण्यांनी गच्च असायला हवा. तेवढं स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरणार नव्हता.

वरच्या वाफ्यात तिने एक फुलोरा उकलला. दाणा नाही. दुसरा, तिसरा. एकात दाणा, मग बराच वेळ काहीच नाही. तुरळक होते, पण होते. ती खाली उतरत गेली. मधल्या वाफ्यांत दाणे वाढत गेले. अगदी खालच्या कोपऱ्यात, जिथे माती भेगाळली होती, तिथे फुलोरे मुठीत धरले तर दाणे करकरत होते. हे असं उलटं कसं? ती गुडघ्यांवर बसली आणि एका झाडाची पानं बाजूला सारली. मादीच होती. पण तिच्या फुलोऱ्याच्या पोटातून पिवळ्या, बारक्या केळ्यांसारखं काहीतरी बाहेर आलं होतं. तिने बोट लावलं. बोट पिवळं झालं.

“चोरी करायला आलीस?”

हद्दू वरच्या बांधावर उभा होता. हातात विळा. या वेळी मुलगे बरोबर नव्हते, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली. एकटा माणूस कुणाला लाजत नाही. तो धाडकन उडी मारून खाली आला. विळ्याचं टोक तिच्या खांद्याशी होतं.

“खाली बस,” रहिमो म्हणाली.

“काय?”

“इथे, माझ्याशेजारी खाली बस. आणि हे बघ.”

तो बसला नाही. पण वाकला. तिने पिवळं बोट त्याच्यासमोर धरलं, मग पानं पुन्हा बाजूला केली. हद्दूने जन्मभर कीफ पिकवलं होतं. पराग म्हणजे काय हे त्याला सांगावं लागलं नाही.

“ही मादी आहे,” तो म्हणाला.

“मादीच आहे. तहानेने वेडीपिशी झालेली. मरायच्या आधी बी ठेवून जायची धडपड चाललीय तिची. नर नाही म्हणून स्वतःच नर झाली.” तिने पुढचं झाड उकललं, त्याच्या पुढचं. “हीपण. हीपण बघ.”

हद्दू एकेका झाडाकडे जात राहिला. विळा कुठेतरी मातीत टाकला होता. मग त्याने खिशातून फोन काढून दलालाला लावला. फोन बंद होता. पुन्हा लावला. मग तो बांधाला पाठ टेकून खाली बसला.

“फरीदने तुमची खिडकी उघडी बघितली होती,” तो म्हणाला. “त्या शुक्रवारी.”

रहिमोला गप्प बसता आलं असतं. पिवळी झाडं सगळा दोष स्वतःवर घ्यायला उभीच होती.

“होती उघडी. पोरीला दम लागला म्हणून नुझाने उघडली. तुझ्या वरच्या वाफ्यात तुरळक दाणे आहेत, ते माझ्या नराचे असतील. मला नक्की सांगता येणार नाही. पण हे खालचं माझं नाही.”

“म्हणजे झाडं घरातच होती.”

“घरातच होती.”

“आणि नुझा न्हात नव्हती.”

“नव्हती.”

हद्दूच्या तोंडातून जो आवाज निघाला तो हसण्याचा होता की रडण्याचा, हे रहिमोला समजलं नाही. त्याने तोंडावर दोन्ही हात घेतले आणि खांदे हलत राहिले. ती तशीच बसून राहिली. हात लावावा असं तिला वाटलं, पण ती पद्धत नव्हती.

संध्याकाळी तिच्या पाटातून पाणी आलं. गढूळ, बारीक, पण आलं. कुणी दगड काढला ते सांगायला कुणी आलं नाही.

झरा पूर्ण आटण्याआधी रहिमोच्या माद्या पक्क्या झाल्या. उघड्या फुलोऱ्यांत दाणे होते, पण ते हद्दूच्या वेड्या झाडांचे असणार म्हणून तिने ते सगळे कोंबड्यांना घातले. पिशव्या एकेक करून सोडल्या. दोन वाऱ्याने फाटल्या होत्या, त्याही कोंबड्यांना गेल्या. उरलेल्यांतून चहाचा पेलाभर बी निघालं, गडद, पट्ट्यापट्ट्यांचं. तेव्हा कुठे तिला उमगलं की हद्दू विळा घेऊन आला नसता तर तिने पिशव्या कधीच बांधल्या नसत्या, आणि यातला एक दाणाही तिच्या नराचा आहे असं छातीवर हात ठेवून सांगता आलं नसतं. हे तिने हद्दूला सांगितलं नाही. त्याचा हिवाळा तसाही वाईट गेला. फरीद तितवानला हमाली करायला गेला. लाकडं मात्र हद्दूने यंदाही आणून टाकली.

पेरणीच्या वेळी तो कुदळ घेऊन अंगणात आला आणि आत न येता उभा राहिला.

“खालचा कोपरा मोकळा ठेवलाय,” तो म्हणाला. “तिथे वारा लागत नाही. तुमचं बी तिथेही टाका, वहिनी. सगळं एकाच वाफ्यात असलं आणि वरून गारा पडल्या तर?”

“आणि फुलल्यावर विळा घेऊन येशील.”

“यंदा बिनबियांचं पीक नाही माझ्याकडे. दाण्यांना कशाला भिऊ?”

रहिमोने बराच विचार केला. मग पेल्यातलं निम्मं बी फडक्यात बांधून ती त्याच्याबरोबर खाली गेली. पेरलं तिने स्वतःच, त्याला हात लावू दिला नाही. पाणी त्याने द्यायचं, बाकी कशाला शिवायचं नाही, असं ठरलं. त्याने मान डोलावली. तिचा त्याच्यावर पूर्ण विश्वास बसला नव्हता, आणि त्यालाही ते दिसत होतं.

वसंतात एका सकाळी तो धापा टाकत पायऱ्या चढून वर आला. नुझा अंगणात मुलीला चालायला शिकवत होती.

“वहिनी! खाली एक फुलायला आलंय. वरच्यांच्याही आधी.”

“नर की मादी?” रहिमोने आतून विचारलं.

“एवढ्या बारीक कळ्या मला कुठे दिसतात? तुम्हीच येऊन बघा.”

तिने पट्ट्यांचं फडकं कमरेला गुंडाळलं आणि त्याच्या पुढे होऊन पायऱ्या उतरू लागली.